हे काप, शकीलभाई

पुसदमध्ये सुधाभाऊ पिंपळखुट्यांएवढा भित्रा माणूस मी पाहिला नाही, आणि माइकवर त्यांच्याएवढं जोरात ओरडणाराही दुसरा पाहिला नाही. ते जाऊन आता वर्ष होत आलं. अजूनही घराला कुलूप लावल्यावर मी ते ओढून बघतो, फाटकापर्यंत जातो, परत येऊन पुन्हा ओढतो आणि स्वतःवरच चिडतो. हा रोग मला त्यांच्याकडून लागला. पंचवीसेक वर्षं एका माणसाच्या मागे बसून ड्रम वाजवला, तर वाटलं होतं त्याची गाणी अंगात भिनतील. भिनल्या त्याच्या काळज्या.

सुधाभाऊ एका सरकारी कचेरीत अव्वल कारकून होते. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं, कारण एक बंद पडलं तर? पाकिटात फ्यूजची तार. पिशवीत मेणबत्ती, छत्री आणि सुतळी, बाराही महिने. तंबाखू-सुपारीचा खर्रा त्यांनी जन्मात तोंडात धरला नाही, आणि आम्ही घोटायला लागलो की ते चार हात लांब जाऊन उभे राहायचे. अशा माणसाच्या पोटात ‘बोंब’ नावाचा पंक रॉक बँड काढायचं कसं आलं, देव जाणे. नागपूरला इंजिनीअरिंगला गेलेला कुणीतरी एक इंग्रजी कॅसेट घेऊन आला होता, ती त्यांनी ऐकली आणि पंधरा दिवसांत सेकंडहँड गिटार आणली. मी शाळेत चित्रकला शिकवत होतो आणि गणपतीत ताशा वाजवत होतो, एवढ्या भांडवलावर मला ड्रमवर बसवलं. बेस गिटारला माणसं येत गेली, लग्न झालं की सुटत गेली. आम्ही दोघं राहिलो.

पंक म्हणजे काय, हे लोकांना सांगावं लागायचं. सुधाभाऊंचं उत्तर ठरलेलं होतं. “शिमग्याले बोंब मारता ना? तेच. फक्त गिटार घेऊन, आन् बारा महिने.” लोकांना ते लगेच पटायचं.

कार्यक्रमाला निघताना मात्र त्यांच्यासोबत जाणं म्हणजे शिक्षा होती. आर्णीला जायचं तर एसटी सुटायच्या कितीतरी आधी स्टँडवर. बस लागली की ड्रायव्हरला विचारणार, “टायर पाह्यले का?” बस हलली की मला विचारणार, “दिनू, घरी गॅस बंद केला असन का वहिनीनं?” मी म्हणायचो, केला असेल. दिग्रस येईपर्यंत हेच चालायचं, आणि मोबाइल आल्यावर तर त्यांच्या बायकोची, सुनंदावहिनींची, सुटकाच नव्हती. फोन लावायचे, “गॅस?” एवढंच म्हणायचे, आणि तिकडून वहिनींचा आवाज बसमधल्या सगळ्यांना ऐकू यायचा, “केला हो! दहा खेपा काय विचारता!”

आर्णीच्या त्या कार्यक्रमाचं सांगतो. गणपती मंडळाचा स्टेज, समोर भरपूर पब्लिक, आणि ‘लाइन गेली’ हे आमचं गाणं रंगात आलेलं असताना खरोखरच लाइन गेली. गिटार मुकी, माइक मुका, मिट्ट अंधार. मला वाटलं, संपलं, आता सुधाभाऊ मेणबत्ती शोधत बसणार. पण अंधारात त्यांचा आवाज आला, माइकशिवाय, थेट मागच्या पानठेल्यापर्यंत. “लाइन गेली, तर जाऊ दे, घसा आपला आहे ना!” हे गाण्यात नव्हतं. मी ठेका सोडला नाही. पब्लिकनं तोंडावर हात मारून अशी बोंब मारली की जनरेटरवाला पळत आला. परतीच्या गाडीत हाच माणूस काचेला टेकून बसला होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता. “दिनू,” हळूच म्हणाले, “लाइन आल्यावर माइकचं बटन आपण बंद केलतं का?”

आमची सगळी रेकॉर्डिंग शकीलभाईंनी केली. मेन रोडला त्यांचं रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. मागे एक खोली, भिंतींना मंडपवाल्याकडून आणलेल्या गाद्या टांगलेल्या. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. उन्हाळ्यात त्या खोलीत माणूस उकडून निघायचा. शकीलभाई दोन बोटं वर करत, मशीनचा लाल दिवा लागे, आणि सुधाभाऊंचं सुरू होई.

“शकीलभाई, आवाज येऊन राह्यला का? टेप फिरून राह्यली ना? पंखा बंद केला ना? दिनू, त्या स्टुलाचा पाय पाह्यजो, मांगच्या टाइमले हाललता. लाइन जाणार नाही ना आता? घरी गॅस बंद केला असन का?”

हे सगळं एका दमात. मग मी काठ्यांचे चार ठोके द्यायचो आणि तोच माणूस असा फुटायचा की मला दरवेळी दचकायला व्हायचं. गाणं संपलं की परत तो पहिला आवाज, घाबरा, थोडा नाकातला. “घेतलं का पुरं? मधातलं मायं बोलणं काप बापा. हे काप, शकीलभाई. लोकाईनं आयकलं त काय म्हणतीन? बोंब मारते आन् स्टुलाले भेते.”

शकीलभाई गालातला खर्रा इकडून तिकडे करत म्हणायचे, “अरे, काटता हूँ ना भई. टेन्शन कायकू लेते? कैसेट है, बम थोडी है.”

आणि खरंच कापायचे. दोन मशीनं जोडून फक्त गाणं तेवढं दुसऱ्या कॅसेटवर उतरवायचे. कॅसेटा महाग, म्हणून कच्च्या रेकॉर्डिंगच्या कॅसेटवर पुढचं रेकॉर्डिंग चढायचं. पक्की कॅसेट हातात आली की सुधाभाऊ तिच्या पाठीवरच्या प्लास्टिकच्या दोन बारक्या पट्ट्या तिथल्या तिथे नेलकटरनं मोडून टाकायचे. त्या मोडल्या की कॅसेटवर दुसरं काही चढवता येत नाही. हे काम ते कुणावर सोडत नसत.

‘बोंब’ आली, ‘लाइन गेली’ आली. सीडीचा जमाना आला तेव्हा ‘उद्या या’ काढली. ती कचेरीवर होती, आणि ती निघाल्यावर सुधाभाऊंनी महिनाभर साहेबांच्या केबिनकडे पाठ करून बसायची जागा मागून घेतली. शेवटी साहेबांनी बोलावलंच. मुलासाठी एक सीडी पाहिजे होती त्यांना. सुधाभाऊ घरी येऊन ताप भरल्यासारखे पांघरूण घेऊन पडले. पुढे पेनड्राइव्हवर गाणी निघाली, इंटरनेटवर निघाली. पण जे काही निघेल त्याच्या दोन प्रती पुसदबाहेर जायच्या, एक उमरखेडला त्यांच्या बहिणीकडे आणि एक आर्णीला एका मित्राकडे. नदीला पूर आला तर? दुकानाला आग लागली तर? बहिणीनं सगळ्या कॅसेटा आणि सीड्या पापडाच्या डब्यात ठेवल्या होत्या. मी एकदा विचारलं, कशी वाटली गाणी? ती म्हणाली, “त्यानं ठेवाले सांगतलं, भाऊ. आयकाले नाही सांगतलं.”

जगातल्या सगळ्या गोष्टींची काळजी करणाऱ्या या माणसाला एकाच गोष्टीची काळजी वाटली नाही.

शेवटच्या वेळी रेकॉर्डिंगला बसलो तेव्हा त्यांचा आवाज बसलेला होता. ओरडल्यावर फाटायचा, खाली यायचा, खरखरायचा. आणि आम्ही सगळे खूश! इतक्या वर्षांनी आता खरा पंकचा आवाज लागला, असं जो तो म्हणत होता. शकीलभाईंनी ऐकून हात जोडले. सुधाभाऊही लाजत हसले आणि त्या गाण्यांना त्यांनी स्वतःच नाव दिलं, ‘खरखर’. साध्या माणसाचा घसा असा बसला असता तर चार दिवसांत घरच्यांनी दवाखान्यात ओढून नेलं असतं. आमच्या गायकाचा बसला, आणि टाळ्या पडल्या. पिकलेला आंबा म्हणून जो हातात घेऊन मिरवला तो नासत होता.

महिने गेले. मग गिळताना दुखायला लागलं तेव्हा नागपूर गाठलं. नागपूरच्या डॉक्टरांनी नळीतून बघितलं आणि बाहेर येऊन वहिनींना खुर्चीवर बसायला सांगितलं. ऑपरेशन झालं तर माणूस वाचेल, पण गळ्यातली आवाजाची पेटी पूर्ण काढावी लागेल. मी कॉरिडॉरमध्ये होतो. सुधाभाऊंनी माझ्याकडे बघितलं. काही तरी विचारायला तोंड उघडलं, पण तोवर नुसती हवा निघायला लागली होती.

माणूस घरी आला. गळ्याला भोक, त्यावर मलमलीचं पांढरं फडकं. यंत्र लावून बोलता येतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सुधाभाऊंनी ते यंत्र हातात घेऊन उलटंपालटं केलं, आणि ते बिघडलं तर, ही शंका हातवाऱ्यांनी विचारली. मग ते कपाटात ठेवून दिलं. काही पाहिजे असलं तर स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजवायचे. काळज्या सगळ्या शाबूत होत्या. त्या आता डोळ्यांतून दिसायच्या, आणि ते बघवत नसे.

मी शाळा सुटल्यावर रोज जायचो. एक दिवस वहिनी मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. ओट्यावर दुधाचं करपलेलं पातेलं होतं.

“भाऊजी, आज पुन्हा गॅस चालू राह्यला. या महिन्यात कितव्यांदा, कोणास ठाऊक.” पदराने त्यांनी ओटा पुसला, जिथे पुसायला काही नव्हतं तिथेही. “तीस वर्स हा माणूस मले विचारत होता. मी चिडत होती. आता कोणी विचारतच नाही, त मले ध्यानातच राहत नाही. घर असं गप आहे ना भाऊजी, मले भेव लागते. त्यायचा आवाज पाह्यजे मले. कुठी तरी असनच ना?”

मी म्हणालो, गाणी आहेत की एवढी.

“ते किंचाळणं नको मले. ते तुमचं आहे. मले यायचं बोलणं पाह्यजे.”

मला वाटलं, ही काय अवघड गोष्ट आहे. आज कुणाचा आवाज कुठे नसतो? पण शोधायला लागलो तर सापडेचना. मोबाइलवर सुधाभाऊ कधी काही रेकॉर्ड करून पाठवत नसत, कोण ऐकेल याचा नेम नाही म्हणून. फोनवरही दोन शब्दांच्या वर जात नसत. त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओत ते सगळीकडे आहेत, तोंड हलतंय, आणि वर सनई लावलेली आहे. सीड्या ऐकल्या, पेनड्राइव्ह ऐकले. गाणं संपतं, क्षणभर शांतता, पुढचं गाणं. त्या शांततेत मी कान लावून बसायचो. एखादा श्वास, एखादं ‘अं’ तरी. काही नाही. शकीलभाईंचं काम इतकं साफ की शिवी द्यावीशी वाटली.

त्यांच्याकडे गेलो. दुकानात आता त्यांचा मुलगा मोबाइलची कव्हरं विकतो आणि शकीलभाई बाहेर खुर्ची टाकून बसतात. त्यांनी ऐकलं आणि डोकं धरलं. “मैंने सब काटा, दिनूभाई. उनों बोलते गए, मैं काटते गया. क्या मालूम था?”

एकच आशा उरली, अगदी पहिल्या कॅसेटची. तेव्हा शकीलभाईंचाही हात बसलेला नव्हता, काही तरी राहून गेलं असेल. पुसदची प्रत कधीच बुरशीनं गेली होती. मी रविवारी उमरखेडला जाऊन पापडाचा डबा घेऊन आलो. कॅसेट शाबूत होती, पण वाजवायची कशावर? शकीलभाई म्हणाले, “माळ्यावर मशीन आहे मायी. घरी घेऊन येतो.”

ते आले तेव्हा सुधाभाऊ पलंगावर बसलेले होते. काय चाललंय हे त्यांना कळलं आणि त्यांनी हातानं नको, नको केलं. कॅसेटकडे बोट, स्वतःकडे बोट, मग कानांवर हात. इतकी वर्षं लपवलेला तो घाबरट माणूस बायकोनं ऐकू नये, असं त्यांना वाटत असणार. तीस वर्षं त्याच माणसासोबत राहिलेली बाई समोर उभी होती, हे त्यांच्या ध्यानात येत नव्हतं. वहिनींनी शकीलभाईंना खाली चटई टाकून दिली.

मशीन उघडलं. आतला रबरी पट्टा सैल पडून तुटला होता, तो बदलला. स्पिरिटच्या बोळ्यानं हेड पुसलं. मी उमरखेडची कॅसेट पुढे केली.

“थांबा,” शकीलभाई म्हणाले. “पयले स्पीड सेट करू द्या. नाही त जुनी टेप आहे, गुंडाळून टाकीन.” आणि पिशवीतून त्यांनी आपल्या हत्यारांच्या डब्यातली एक कॅसेट काढली, मळकी, नाव नसलेली. दुरुस्त केलेलं प्रत्येक मशीन ते त्याच कॅसेटवर तपासायचे. स्क्रूड्रायव्हर मोटरच्या भोकात घातला, बटण दाबलं आणि सवयीनं कान खाली नेला.

मशीनमधून जाडा, ओढलेला, म्हशीच्या हंबरण्यासारखा आवाज आला. शकीलभाई स्क्रू फिरवत होते, आवाज वर चढत होता, आणि त्यांचा हात एकदम थांबला. त्यांनी आमच्याकडे बघितलं.

“या अल्लाह,” ते म्हणाले. “ये तो वोइच है.”

कापलेलं सगळं त्यांनी फेकलं नव्हतं. मशीनचा स्पीड गाण्यावर कळत नाही, आमची गाणी तर दुप्पट स्पीडनं लावली तरी तशीच लागतात, असं ते पुढे म्हणाले. त्याला बोलणारा माणूस लागतो. म्हणून सुधाभाऊंच्या बोलण्याचे तुकडे त्यांनी एका कॅसेटवर उतरवून घेतले होते, आणि वर्षानुवर्षं पुसदमधला दुरुस्तीला आलेला प्रत्येक टेपरेकॉर्डर त्याच्यावर तपासला होता. रोज ऐकून ऐकून त्यांना त्यात सुधाभाऊ ऐकू येणंच बंद झालं होतं. ती त्यांची टेस्टिंगची कॅसेट होती, पक्कड असते तशी.

“बराबर आहे का?” त्यांनी मला विचारलं. मला कळेना. आवाज थोडा जाड वाटत होता, थोडा बारीक वाटत होता. आठवणीतला आवाज किती उंचीचा होता, हे मला सांगताच येईना, आणि मी घाबरलो.

वहिनी चटईवर येऊन बसल्या. “फिरवा,” म्हणाल्या. शकीलभाईंनी फिरवला. “अजून. नाही, मांगं घ्या. एवढे घाईघाईनं बोलत नव्हते. हं, थोडंसं... हं. थांबा.”

स्क्रूड्रायव्हर थांबला. खोलीत सुधाभाऊ बोलायला लागले.

“शकीलभाई, आवाज येऊन राह्यला का? टेप फिरून राह्यली ना? दिनू, त्या स्टुलाचा पाय पाह्यजो. लाइन जाणार नाही ना आता? घरी गॅस बंद केला असन का?”

वहिनींनी तोंडाला पदर लावला. “केला हो,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “केला बंद.” मला रडू आवरलं नाही, आणि आवरायचा प्रयत्नही मी केला नाही.

पलंगावरून चमचा वाजला. सुधाभाऊ हात पुढे करून कॅसेट मागत होते. वहिनींचा चेहरा उतरला. मलाही वाटलं, आता हे तोडून टाकतात की काय. शकीलभाईंनी मशीन बंद केलं आणि भीत भीत कॅसेट त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटी केली, डोळ्यांजवळ नेली, आणि शकीलभाईंकडे असं काही बघितलं की आम्हाला त्यांची जुनी रागावण्याची तऱ्हा आठवली. कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही पट्ट्या तशाच होत्या. इतकी वर्षं ती कॅसेट कुणाच्याही एका बोटानं पुसली गेली असती. सुधाभाऊंनी उशीखालून नेलकटर काढलं, एक पट्टी मोडली, दुसरी मोडली, बोट फिरवून खात्री केली, आणि कॅसेट वहिनींच्या हातात ठेवली.

मशीन शकीलभाईंनी तिथेच ठेवलं. पुढे रोग पुन्हा उलटला, आणि सुधाभाऊ थोडेच महिने राहिले. मी खूपदा गेलो, पण माझ्या डोळ्यांसमोर येतात ते एका संध्याकाळचे. मी निघालो होतो, फाटकाशी चप्पल घालत होतो. सुधाभाऊ दारात उभे होते, एक हात गळ्याच्या फडक्यावर. आतून त्यांचाच आवाज आला, घाबरा, थोडा नाकातला. “घरी गॅस बंद केला असन का?”

“केला हो!” स्वयंपाकघरातून वहिनी कडाडल्या. “दहा खेपा काय विचारता!”

सुधाभाऊंनी माझ्याकडे बघून मान हलवली. केला म्हणते. आणि तरीही आत वळून, एकदा बघून यायला ते स्वयंपाकघराकडे गेले.